कोटेशनवर दिसतं तेच धोरण

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या बहुतेक केबिनमध्ये मालकाच्या खुर्चीमागे एक चौकट टांगलेली असते. 'गुणवत्ता, सचोटी, ग्राहकांचं समाधान' असं काहीतरी तिच्यात लिहिलेलं असतं, अक्षर सोनेरी. त्याच चौकटीखाली बसून कोटेशन टाइप होतं आणि तिथं हिशेब एवढाच चालतो की समोरचा किलोला किती म्हणतोय आणि आपण दोन रुपये खाली आलो तर ऑर्डर मिळेल का. चौकट आणि कोटेशन यांची कधी भेटच होत नाही.

वीसेक वर्षं मी फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून वाळूच्या साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, काढली. आधी वाळूत, मग प्लॅनिंगला, शेवटी कोटेशनच्या टेबलावर. आता छोट्या कारखान्यांबरोबर आणि दोन-तीन संस्थांबरोबर बसून त्यांचं धोरण कागदावर आणायचं काम करतो. खाली जे सांगतोय ते चाळीस-पन्नास माणसांच्या फाउंड्रीला धरून आहे. पतसंस्था, वाचनालय, शिक्षण संस्था चालवणाऱ्यांसाठी शेवटी वेगळं लिहिलंय, पण त्यांनीही सुरुवातीपासून वाचावं. दुखणी सारखीच असतात.

आधी एक घोळ निस्तरू. 'तीन वर्षांत उलाढाल दुप्पट' हे धोरण नाही, ती इच्छा झाली. 'नवी भट्टी बसवणे' हेही धोरण नाही, ते एक काम झालं. आपली खरी अडचण कुठली ते ओळखायचं, तिच्यातून बाहेर पडायची एक वाट निवडायची आणि त्या वाटेपायी कुठल्या वाटा सोडल्या तेही लिहून ठेवायचं, याला मी धोरण म्हणतो.

मी जिथं होतो तिथं भिंतीवर दुप्पट उलाढालीचा तक्ता होता. पार्ट्या पाच-सहा होत्या, खरं निम्म्याहून जास्त माल एकाच पार्टीला जायचा आणि तोही इंजिनचे भाग. एका सोमवारी त्यांचं पुढच्या तिमाहीचं शेड्यूल आलं. आमच्या दोन भागांसमोर शून्य. डिझाइन बदललं होतं, त्यांची काही चूक नव्हती. दोन शिफ्टची भट्टी एका शिफ्टवर आली, मोल्डर, म्हणजे साचे बनवणारे कामगार, घरी बसले, त्यातले चांगले चौघे कोल्हापूरजवळच्या शिरोलीला गेले ते परत आले नाहीत. एका पार्टीवर एवढं विसंबणं बरं नव्हे, हे आमच्यातला प्रत्येकजण चहाच्या टपरीवर बोलून दाखवायचा. कागदावर मात्र ते कधीच आलं नव्हतं.

पायरी १ : कोण बसणार

पाच-सहा माणसं पुरेत. भागीदार, फाउंड्रीचा सुपरवायझर, हिशेब बघणारा, पार्ट्यांशी बोलणारा आणि घरातली पुढची पिढी कारखान्यात येणार असेल तर त्यातलं एक. सुपरवायझरला वगळून केलेलं धोरण मी तरी टिकलेलं पाहिलेलं नाही. बैठक कारखान्यात घेऊ नका, दर दहा मिनिटांनी कोणीतरी चलनावर सही मागायला येतो. एक अख्खा दिवस बसण्यापेक्षा पंधरा दिवसांच्या अंतरानं दोन अर्धे दिवस बसा. मधल्या पंधरवड्यात लोक विचार करतात, आणि घरी बोलतात. भागीदारीच्या धंद्यात घरी काय बोललं जातं त्याला बैठकीपेक्षा जास्त वजन असतं.

पायरी २ : आकडे, पण योग्य ते

पहिल्या बैठकीआधी टॅलीतून तीन वर्षांचे पार्टीवार आकडे काढा: विक्री, टनेज, रिजेक्शन, आणि बिलानंतर पैसे हातात यायला प्रत्यक्ष लागलेले दिवस. एवढ्यावरच निम्मी भांडणं मिटतात, आणि तेवढीच नवी सुरू होतात.

खरी गंमत पुढे आहे. फाउंड्रीत सगळे किलोचा हिशेब करतात, आणि तिथंच फसतात. समजायला सोपे म्हणून हे आकडे घ्या. 'अ' हे साधं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, विक्री ११० रुपये किलो. धातू, वीज, वाळू, जॉबवर्क असा प्रत्येक किलोमागे होणारा खर्च ८०, म्हणजे सुटतात ३०. 'ब' ला आत कोअर, म्हणजे पोकळीसाठी साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा, काम वळणावळणाचं. विक्री १५०, खर्च १०५, सुटतात ४५. कागदावर 'ब' सरस.

अशाच एका बैठकीत भागीदार म्हणाले, "अहो, किलोला पंचेचाळीस सुटतात की!"

सुपरवायझर खाली मान घालून बसला होता. म्हणाला, "सुटतात साहेब, खरं शिफ्टला एक टनच निघतंय. कोअरवाल्याला किती पळवायचं? 'अ' लावला तर दोन टन सहज निघतंय."

म्हणजे 'अ' शिफ्टला ६०,००० मिळवून देतो आणि 'ब' ४५,०००. कारखान्यात ज्या जागी माल तुंबतो, त्या जागेच्या तासामागे किती सुटतात ते मोजायचं असतं. कुठं भट्टीवर तुंबतो, कुठं मोल्डिंगवर, कुठं कोअरवर, तर कुठं फेटलिंगला (ओतलेला माल घासून साफ करायला) माणसं नाहीत म्हणून आवारात ढीग पडलेला असतो. तुमची अडलेली जागा कुठली, यावर बैठकीत अर्धा तास वाद झाला तरी होऊ द्या. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढची पायरी चढायची नाही.

पायरी ३ : फाटकाबाहेर काय चाललंय

इथं लोक चार चौकटींचा कागद काढतात: बलस्थानं, उणिवा, संधी, धोके. कागद वाईट नाही, भरणारे आळशी असतात. 'बलस्थानं' खाली हमखास 'अनुभवी कामगार' लिहिलेलं सापडतं. माझा नियम साधा आहे. ज्याच्यासाठी एखादी पार्टी एक रुपया जास्त देईल तेच बलस्थान, आणि कुठली पार्टी ते नाव घेऊन सांगायचं. नाव सांगता येत नसेल तर ओळ खोडायची. धोक्यांनाही तोच न्याय. 'स्पर्धा वाढली' असं मोघम चालणार नाही. कुठल्या पार्टीचा कुठला भाग कोणाकडे गेला, ते लिहा.

आपल्या भागात विचारायलाच हवेत असे तीन प्रश्न आहेत.

एक, आपलं कास्टिंग शेवटी कुठं बसतं? विजेच्या गाडीला सिलिंडर ब्लॉक लागत नाही, एक्झॉस्ट मॅनिफोल्डही लागत नाही. ब्रेक मात्र लागतातच. पंप, व्हॉल्व्ह, हायड्रॉलिक्स, शेतीची अवजारं यांच्यावर या बदलाचा थेट घाव नाही. प्रत्येक भागापुढं 'इंजिनशी संबंध आहे' किंवा 'नाही' अशी खूण करा आणि टनेजची बेरीज मारा. ती बेरीज बघून केबिनमध्ये थोडा वेळ कोणी बोलत नाही, असा माझा अनुभव आहे.

दोन, कर्नाटक-महाराष्ट्र सीमा आता नेमकी कुठं आडवी येते? १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तोवर कोल्हापूरच्या पार्टीला माल द्यायचा तर सी फॉर्मसाठी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीवर कमी कर लागावा म्हणून खरेदीदारानं द्यायच्या कागदासाठी, मागे लागावं लागायचं. फॉर्म आला नाही की फरकाचा कर आपल्या गळ्यात. आता आयजीएसटीचं (परराज्यातल्या विक्रीवरच्या जीएसटीचं) क्रेडिट पार्टीला मिळतं, करापुरती ती भिंत पडली. निपाणी ओलांडली की कागल, पुढं गोकुळ शिरगाव आणि शिरोली, सगळं एकाच राष्ट्रीय महामार्ग ४८ वर. तरीही जुन्या सवयीनं 'तिकडची पार्टी नको, भानगड असते' म्हणणारे भागीदार मला आजही भेटतात. उलट बाजूनं बघा, आपला मोल्डरही त्याच रस्त्यानं तिकडं जातो.

तीन, पैसे किती दिवसांनी येतात? सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करायची असा २००६ चा कायदा आहे. करार नसेल तर १५ दिवस. आयकर कायद्यातल्या बदलामुळं १ एप्रिल २०२४ पासून याला धार आली. मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च पैसे देईपर्यंत वजावटीत धरता येत नाही. त्यासाठी आपली 'उद्यम' ही लघुउद्योगांची सरकारी नोंदणी हवी, आणि नोंदणी क्रमांक बिलावर छापलेला असावा. हे हिशेबनिसाचं काम म्हणून सोडून देऊ नका. भांडवल कोणाकडे अडकवायचं हा धोरणाचाच भाग आहे.

पायरी ४ : दुखणं एका वाक्यात

दुसऱ्या बैठकीची सुरुवात इथून करा. प्रत्येकानं चिठ्ठीवर एकच वाक्य लिहायचं: 'आपलं मुख्य दुखणं हे, की...' मग चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायच्या. चांगलं वाक्य असं असतं: 'आपला ५५ टक्के माल एका पार्टीला जातो, तो बहुतेक इंजिनचा आहे, आणि आपण कास्टिंग कच्चं, मशीनिंग न करता विकतो म्हणून ती पार्टी आपल्याला सहज बदलू शकते.' या वाक्यात कारण आहे, आकडा आहे, आणि पुढं काय करायचं त्याचा वासही आहे. 'मार्केट डाऊन आहे' या वाक्यात यातलं काहीच नाही.

पायरी ५ : निदान तीन वाटा

एकच वाट मांडली तर तो निर्णय नसतो, आधीच ठरलेल्या गोष्टीला मान डोलावणं असतं. वरच्या दुखण्यावर तीन वाटा दिसतात. दुसरी भट्टी घेऊन टनेज वाढवायचं. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी कापकामाची यंत्रं) घेऊन मशीनिंग करून बसवायला तयार भाग द्यायचा. किंवा कमी नगांची, अवघड, चांगल्या भावाची कास्टिंग घ्यायची.

प्रत्येक वाटेला एकच प्रश्न विचारा: ही वाट यशस्वी व्हायची तर काय काय खरं असावं लागेल? मशीनिंगच्या वाटेसाठी ऑपरेटर मिळायला हवेत, मापं तपासायची सोय हवी, आणि आपलं रिजेक्शन आत्ताच आवाक्यात हवं. नाहीतर ब्लो होल (कास्टिंगमधलं हवेचं छिद्र) आपल्याच मशीनवर उघडा पडेल आणि तासांवर पाणी. यातलं जे सगळ्यात शंकास्पद वाटतं ते आधी स्वस्तात तपासायचं. एका पार्टीचे दोन भाग तीन महिने बाहेर जॉबवर्कनं मशीनिंग करून देऊन बघा. व्हीएमसीचं कर्ज त्यानंतर.

पायरी ६ : एक पान, आणि त्यावरचे 'नाही'

सगळं एका पानावर मावलं पाहिजे. नमुना देतो.

कोणासाठी: कोल्हापूर आणि हुबळी-धारवाड पट्ट्यातले पंप, व्हॉल्व्ह, हायड्रॉलिक्स बनवणारे.
काय: ५ ते ४० किलोची कास्टिंग, मशीनिंग करून, बसवायला तयार.
आपल्याकडंच का: पॅटर्न (साचा काढायचा ठसा) हातात आल्यापासून १५ दिवसांत पहिला नमुना.
काय नाही: इंजिनचे नवे भाग नाहीत. ४५ दिवसांपलीकडे उधारी नाही. कुठल्याही पार्टीचा वाटा तीन वर्षांनंतर ३० टक्क्यांवर नाही. तोवर दुसरी भट्टी नाही.
कधी फेरविचार: रिजेक्शन सलग दोन तिमाही वाढलं, किंवा वर्षभरात दोन नव्या पार्ट्या जोडता आल्या नाहीत तर.

यात सगळ्यात जास्त वेळ चौथ्या ओळीला लागतो. लागायलाच हवा. 'जुन्या पार्टीला हाकलायचं काय?' हा प्रश्न हमखास येतो. नाही हाकलायचं. तिचं टनेज आहे तिथं राहू द्या, वाढ दुसरीकडून घ्या, वाटा आपोआप उतरतो.

'नाही' लिहायला लोक घाबरतात, म्हणून मी आपल्या गावचंच उदाहरण देतो. १९१६ च्या एप्रिलमध्ये टिळकांनी होमरूल लीग सुरू केली ती बेळगावात. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अॅनी बेझंट यांची लीग निघाली. दोघांनी प्रदेश वाटून घेतले. टिळकांकडे मुंबई शहर सोडून महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रांत आणि वऱ्हाड, बाकीचा देश बेझंट यांच्याकडे. मुंबई शहर सोडायचं! टिळकांना ते जमलं, आपल्याला एक तोट्यातली पार्टी सोडवत नाही.

हे पान कोणत्या भाषेत लिहायचं, हाही इथला खास प्रश्न. खानापूरकडचे कामगार मराठी बोलतात, हुक्केरी-गोकाकचे कन्नड, भट्टीवर बिहार-ओडिशाची हिंदी. एका ठिकाणी मराठी पानावरच्या 'उद्दिष्ट : रिजेक्शन ४ टक्के' चं कन्नडात 'उद्देश' झालं. कन्नडात उद्देश म्हणजे हेतू. गाठायच्या आकड्याला 'गुरी' म्हणतात. फलक वाचणाऱ्यांना वाटलं, साहेबांची तशी सदिच्छा आहे. तेव्हापासून मी पान तिन्ही भाषांत मोठ्यानं वाचून घेतो आणि वाचणाऱ्यालाच विचारतो, 'आता उद्या तू काय वेगळं करणार?' आणि खरं सांगायचं तर 'टार्गेट' हा शब्द तिघांनाही कळतो. तोच लिहा, भाषाशुद्धीचा आग्रह इथं कामाचा नाही.

पायरी ७ : पान कॉस्टिंग शीटवर उतरवा

इथंच बहुतेक धोरणं मरतात. पान फाईलला लागतं आणि दुसऱ्या दिवशी कोटेशन जुन्याच पद्धतीनं जातं. म्हणून कोटेशनमागच्या कॉस्टिंग शीटवर, जो कागद पार्टीला जात नाही त्यावर, अगदी तळाशी चार ओळी छापून घ्या:

ही ऑर्डर धरली तर या पार्टीचा वाटा किती टक्के?
अडलेल्या जागेवर शिफ्टला किती सुटतात?
पैसे किती दिवसांनी?
पानावरचा कुठला 'नाही' मोडतोय का?

चौथ्याचं उत्तर 'होय' आलं तर दोन भागीदारांच्या सह्या आणि एका ओळीत कारण. बंदी नाही घालायची. मंदीच्या महिन्यात पगार निघायला हवा म्हणून इंजिनचा भाग घ्यावा लागतो, मीही घेतलाय. पण तो उघड्या डोळ्यांनी घेतला याची नोंद राहते. तिमाहीला अपवाद मोजा. पाचातली एक ऑर्डर अपवाद ठरत असेल, तर एकतर पान चुकलंय किंवा आपण.

पहिले दोन महिने या ओळी कोणी भरत नाही. टाइप करणाऱ्याला सांगून ठेवा, रिकाम्या ओळींचं शीट आलं तर कोटेशन टाइपच करायचं नाही. मालकानं सांगितलं तरी. हे मालकाकडूनच त्याला लेखी मिळालेलं बरं.

पायरी ८ : पाच आकडे, पन्नास नकोत

१९९२ मध्ये कॅप्लन आणि नॉर्टन यांनी बॅलन्स्ड स्कोअरकार्ड मांडलं. त्याचा गाभा असा, की नुसत्या पैशाच्या आकड्यांवरून कंपनी चालवू नये. पैसा, ग्राहक, आतली कामाची पद्धत आणि माणसांचं शिकणं अशा चार बाजूंनी बघावं. मोठ्या कंपन्यांत त्याचे रंगीबेरंगी तक्ते होतात. आपल्याला एक फळा आणि खडू पुरे. सगळ्यात मोठ्या पार्टीचा वाटा. शिफ्टमागे सुटलेले पैसे. रिजेक्शन. पहिल्या नमुन्याला लागलेले दिवस. आणि एकापेक्षा जास्त कामं येणारी माणसं किती.

रिजेक्शनचे दोन आकडे ठेवा, आपल्या दारात सापडलेलं वेगळं आणि पार्टीकडून परत आलेलं वेगळं. दुसरं तीन-चार आठवडे उशिरा कळतं. तोवर त्याच वाळूत आणखी माल ओतून झालेला असतो. शेवटचा आकडा लोकांना फालतू वाटतो. पण मोल्डरला कोअर येतो आणि कोअरवाल्याला मोल्डिंग, अशी माणसं वाढली की अडलेली जागा मोकळी होते. नफ्याचा आकडा मागचं सांगतो, हा पुढचं सांगतो.

प्रत्येक आकड्यापुढं एकच नाव. दोन नावं म्हणजे कोणाचंच नाही.

पायरी ९ : बैठकांचं वेळापत्रक

सोमवारी फळ्यापाशी उभ्यानं पंधरा मिनिटं. महिन्याला दीड तास, फक्त घसरलेल्या आकड्यांवर. तिमाहीला अर्धा दिवस, अपवादांची वही उघडून. फेब्रुवारीत एकदा पूर्ण पान पुन्हा वाचायचं, म्हणजे मार्चआधी पुढच्या वर्षाच्या खर्चात ते उतरतं. पानावर मशीनिंग आणि अंदाजपत्रकात मशीनिंगला छदाम नाही, असं होता कामा नये.

तारखा कंपनीच्या कॅलेंडरवरून नाही, गावच्या कॅलेंडरवरून ठरवा. जूनच्या पेरणीला आणि दिवाळीच्या आसपास भाताच्या सुगीला खानापूरकडची माणसं रजेवर जाणारच, दरवर्षी त्यावर आश्चर्य व्यक्त करण्यात अर्थ नाही. नमुन्यांची मोठी कामं त्या आठवड्यांत घेऊच नका. सप्टेंबरची तिमाही बैठक गणपतीत लावलीत तर येणारे येतील, पण मन मंडपात असेल.

पतसंस्था आणि वाचनालयांसाठी

तुमच्याकडं कोटेशन नसतं, पण त्याच्या जागी दुसरा कागद असतोच. पतसंस्थेत कर्जाचा अर्ज, शिक्षण संस्थेत नेमणुकीचा ठराव, वाचनालयात पुस्तकखरेदीची यादी. खरा पैसा आणि खरा निर्णय ज्या कागदावर एकत्र येतात तो शोधा आणि त्याच्या तळाशी तुमच्या चार ओळी छापा. पतसंस्थेनं 'छोट्या व्यापाऱ्यांसाठी' असं पानावर लिहिलं असेल, तर अर्जावर पहिली ओळ 'अर्जदार छोटा व्यापारी आहे का', आणि दुसरी 'या एका कुटुंबाकडे आपलं एकूण कर्ज किती'.

संस्थांची सोय अशी की प्रोसिडिंग बुक आधीपासून असतंच. वार्षिक सभा सप्टेंबरपर्यंत होते, तोवर पान सभासदांपुढं मांडता येतं. मासिक सभेच्या नोटिशीत विषय क्रमांक १ मागील सभेचा वृत्तांत वाचून कायम करणे. विषय क्रमांक २ असा घाला: या महिन्यात पानावरचा कुठला 'नाही' मोडला आणि का.

ज्या वाचनालयात आम्ही हे सुरू केलं, तिथं पान म्हणत होतं: पुढची दोन वर्षं खरेदी मुलांच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांची, बाकी सगळं देणगीतून. पहिल्याच महिन्यात अपवादाच्या रकान्यात तीन कवितासंग्रह आले, कवी अध्यक्षांच्या ओळखीचे. कारणाची ओळ अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं भरली होती: 'नाही म्हणवलं नाही.' सभेत ती वाचल्यावर सगळे हसले, अध्यक्षही. पुढच्या महिन्याच्या यादीत रकाना रिकामा होता.